मोटारीवरची झूल

ठिणगी पाहायची तर मोटार सावलीत हवी. उन्हात ठिणगी दिसत नाही, आणि मग माणूस उगीच म्हणतो की ठिणगीच नाही. प्लगची तार काढायची, तिचं टोक इंजिनाच्या लोखंडापासून गव्हाच्या दाण्याएवढं दूर धरायचं आणि दुसऱ्यानं समोरून हँडल फिरवायचं. निळी, टच्च आवाज करणारी ठिणगी पडली की समजायचं, विजेचं सगळं ठीक. तांबूस आणि मरतुकडी पडली तर वीज कुठंतरी गळतेय. काहीच पडलं नाही तर बसा शोधत. हे मला पहिल्या मोठ्या लढाईत बसऱ्याला एका गोऱ्या सार्जंटानं शिकवलं, निम्म्या शिव्या आणि निम्मी विद्या. शिव्याही अजून पाठ आहेत.

त्या पावसाळ्यात कोल्हापुरात मी ती ठिणगी रोज सकाळी शोधत होतो. ती पडते की नाही यावर माझ्या वडिलांची अब्रू टांगलेली होती. लोकांना ही गोष्ट मोटारीची वाटते. सांगताना मी हसतही असेन, पण आतून मला तिचा अजून त्रास होतो.

महाराजांच्या कारकिर्दीतली ती शेवटची वर्षं. मी लढाईवरून परत आलो तेव्हा वडील एका सरदारांच्या पागेत चाबूकस्वार होते, म्हणजे कोवळी, अडेल घोडी वठणीवर आणायचं काम. आमचे आजोबाही त्याच पागेत होते. सरदारांना आम्ही ‘सरकार’ म्हणायचो आणि सरकार वडिलांना ‘उस्ताद’ म्हणायचे, कारण लहानपणी त्यांना घोड्यावर बसायला वडिलांनीच शिकवलं होतं. बाकी पागा वडिलांना ‘चाचा’ म्हणे. मी अब्बा म्हणायचो. घरात आम्ही दखनी बोलत असू, पण इथं सगळं मराठीतच लिहितो.

एके काळी त्या पागेत वीस-पंचवीस जनावरं होती म्हणे. मी आलो तेव्हा दावणीला पाच उरली होती. त्यातली एक पंचकल्याणी घोडी, चारी पाय आणि कपाळ पांढरं, तिला अब्बांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. आमच्या घरात कुणाला ताप आला तर अब्बा सकाळी विचारत, पण घोडीनं चंदीच्या दाण्याला तोंड लावलं नाही तर रात्रभर घरी येत नसत. माझी आई हे हसून सांगायची. मला ते लहानपणापासून झोंबायचं.

पागेच्या पार टोकाला, शेवटच्या ठाणावर, घोडा बांधायच्या जागी, एक मोटार पडून होती. सरकारांनी ती लढाईच्या आधी, ऐन तारुण्यात, मुंबईहून आणवलेली. फ्रान्सकडची, शर्यतीची. नाक लांबच लांब, बसायला दोनच खुर्च्या, ना छप्पर ना दारं. पन्हाळ्याच्या चढावर ती एकदा कलंडली, सरकारांचा हात मोडला, पुढं लढाई लागली आणि सुटे भाग येईनासे झाले. तेव्हापासून तिच्या गादीत कोंबड्या अंडी घालत होत्या. दरबारातल्या बाकीच्यांनी एव्हाना बंदिस्त, मोठाल्या मोटारी घेतल्या होत्या. आमच्या सरकारांना मात्र ही म्हातारीच पळवून दाखवायची होती. ते चारचौघांत बोलून बसले होते आणि बोललेलं गिळायची त्या घराण्याला सवय नव्हती.

मी मुजरा करायला गेलो तेव्हा ते पागेतच उभे होते. म्हणाले, “लढाईवर मोटारी चालवल्यास म्हणं. ही चालव. दसऱ्याला शिलंगणाला मी हिच्यातनं जाणार. चालली की ही दावण मोडून टाकायची. एका छपराखाली दोन्ही कशाला पाहिजेत?”

अब्बा तेव्हा पंचकल्याणीचा पाय मांडीवर घेऊन खुरातला खडा काढत होते. त्यांनी मान वर केली नाही. खडा निघाला, त्यांनी पाय हळूच खाली ठेवला.

माझी भाकरी मोटारीत आणि बापाची दावणीत. इकडे आड, तिकडे विहीर. त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, नको असेल तर मी नाही म्हणून सांगतो, दुसरीकडं बघतो. ते म्हणाले, “दुसरीकडं कुठं बगणार? गावात मोटारी किती हायत? काम नीट कर म्हंजे झालं. अर्धवट केलंस तर मला खाली बगाय लागंल.”

मग मी कामाला लागलो, आणि खोटं कशाला सांगू, त्या उन्हाळ्यात मी सुखी होतो. मोटार सगळी सुटी केली. पाण्याची टाकी तांबट आळीतून जोडून आणली. गाद्या जिनगरानं नव्या कातड्याच्या करून दिल्या, घोड्याच्या खोगिरासारख्या टाक्यांच्या. जुन्या तारांवरचं रबर हात लावताच पापडासारखं तुटत होतं, त्या मुंबईहून नव्या मागवल्या. राहिला मॅग्नेटो. या मोटारीला ठिणगी देणारं यंत्र हेच. लोहचुंबकांच्या पोटात एक गुंडाळी फिरते, वीज होते, आणि एका काळ्या चकतीवरून ती चार प्लगना पाळीपाळीनं वाटली जाते. ती चकती एबोनाइटची, म्हणजे शिंगासारख्या कडक काळ्या पदार्थाची. त्यातून वीज जात नाही म्हणून तर ती तिथं बसवतात. मी मॅग्नेटो उघडला, धुतला, घासला, लावला. ज्येष्ठात एका दुपारी तिसऱ्या हँडलला मोटार सुरू झाली. पाचही घोडी दावी तोडायला निघाली. अब्बा पंचकल्याणीच्या गळ्यात हात टाकून उभे होते आणि तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होते. धूर निवळला तेव्हा माझ्याकडं बघून ते म्हणाले, “झालं की रं.” आवाजात कौतुक होतं. म्हणूनच मला तिथं उभं राहवलं नाही.

आषाढ लागला आणि रडगाणं सुरू झालं. मोटार सकाळी मेलेली. हँडल मारून घोड्यांची निगा राखणाऱ्या थोरल्या मोतद्दाराच्या खांद्याचे सांधे ढिले झाले, पण ठिणगी नाही, किंवा आलीच तर तांबूस, मरतुकडी. यंत्र उतरवून सगळं पेट्रोलनं धुतलं की दुपारी मोटार चालायची, अगदी झोकात. दुसऱ्या सकाळी पुन्हा मढं. मी प्लग बदलले. तारांचा एकेक वीत तपासला. वीज तोडणारे-जोडणारे बारके काटे कानसून चकचकीत केले. चुंबक दुबळे झाले म्हणावं तर दुपारी कसे सबळ होतात? शेवटी ठरवलं, ही ओल आहे. कोल्हापूरचा पावसाळा, पेटीतल्या कपड्याला बुरशी येते, तर तारेला ओल येणार नाही का.

हे मी अब्बांपाशी बोललो असेन. दुसऱ्या संध्याकाळी पाहतो तो मोटारीच्या नाकावर घोड्याची झूल. जाड लोकरीची, कडेला लाल पट्टी असलेली, थंडीत पंचकल्याणीला घालायची. अब्बांनी ती चांगली चारी बाजूंनी खोचली होती. म्हणाले, “गारठा लागत आसंल तर आता न्हाय लागायचा.” मला हसू आलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते झूल घालत आणि रोज पहाटे, घोड्यांना खरारा करायच्या आधी, काढत. मोटार तरीही सुरू होईना. उलट जास्तच रुसली.

सरकारांचे कारभारी हे सगळं बघत होते. लोक म्हणतात माणूस वाईट नव्हता. मला तो कधी चांगला दिसला नाही. त्याला हिशेब जुळलेले लागत आणि जुळत नसले की तो कुणाच्या तरी खाती टाकून जुळवी. पहाटे त्यानं म्हाताऱ्याला मोटारीच्या नाकावर वाकलेलं पाहिलं. एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं. मग त्याला दुसरं काही शोधायची गरज राहिली नाही.

गणपती होऊन गेले होते. गडहिंग्लजकडचे पाहुणे आले होते आणि सरकारांनी त्यांना मोटार दाखवायला सकाळीच पागेत आणलं. स्वतः हँडल मारलं. एकदा, दोनदा, घाम येईतो. काही नाही. पाहुण्यांतला एक जण मिशीत हसून म्हणाला, “सरकार, हिला चंदी घातली न्हाय वाटतं आज.” सरकारांचा चेहरा लाल झाला. तेवढ्यात कारभारी पुढं झाला.

“सरकार, बोलू नये, पण बोलतो. उन्हाळ्यात चालत हुती. मग बिघडवली कुनी? ही चालली तर दावण मोडणार, आन् दावण मोडली तर कुणाचं नुकसान? रोज पहाटं ह्या मोटारीवर कोण वाकल्यालं आसतंय, मोतद्दारास्नी इचारा.”

सगळे अब्बांकडं बघायला लागले. मोतद्दार बिचारे जमिनीकडं बघत होते, कारण खोटं बोलता येईना आणि खरं बोलून उपयोग नव्हता. मी बोलायला तोंड उघडलं, तर माझ्या तोंडून शब्दाऐवजी नुसती थुंकीच उडाली. राग आला की माझं असंच होतं.

सरकार रुमालानं कपाळाचा घाम पुसत अब्बांकडं वळले. मग म्हणाले, “उस्ताद, तुमचं वय झालं. थोडे दिवस घरी आराम करा.”

एवढंच. चोर म्हटलं नाही, शिवी दिली नाही. अब्बांनी हातातला खरारा फळीवर ठेवला, फळीच्या कडेशी नीट सरळ केला, मुजरा केला आणि ते चालू लागले. पंचकल्याणीनं मागून फुरफुर केली. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्या दिवशी मी मॅग्नेटो पुन्हा उतरवून धुतला, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. आणि दुसऱ्या सकाळी मोटार पहिल्या हँडलला सुरू झाली.

तिच्या त्या फटफटाटाइतका वाईट आवाज मी लढाईतही ऐकला नाही. कारभारी कमरेवर हात ठेवून उभा होता. तिसऱ्या दिवशी चालू, चौथ्या दिवशी चालू. म्हातारा गेला आणि मोटार सुधारली. मी मनाशी म्हणत होतो, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, दुसरं काही नाही. पण रोज सकाळी तोच कावळा आणि तीच फांदी, असं किती दिवस म्हणणार? सगळं कोल्हापूर मला सांगत होतं की तुझ्या बापानं केलं. आणि आपलेच दात, आपलेच ओठ. कुणाशी भांडू?

घरी अब्बा ओट्यावर बसून असत. घोड्यांचं विचारत नसत. माझी बायको त्यांच्यापुढं ताट ठेवी आणि निम्मं उचलून आणी. मी एकदा विचारलंच, “अब्बा, झूल घालताना आतल्या कशाला हात लावत हुता का तुमी? चुकून, म्हंतोय मी.”

“झुलीला लावत हुतो,” ते म्हणाले. मग ओट्यावरून उठून आत गेले.

एका संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळी, मी पागेत गेलो. मोटारीचं काही काम नव्हतं, नुसता गेलो. आत शिरताच आवाज आला, सपासप, सपासप. पाचही घोडी शेपट्या मारत होती, पाय आपटत होती, माना झटकत होती. पावसाळ्यातल्या माश्या आणि डास. पंचकल्याणीच्या पोटाखाली चावून चावून रक्त आलं होतं.

“हे काय?” मी थोरल्या मोतद्दाराला विचारलं.

“धुरी कुठं हाय?” तो म्हणाला. “चाचा करायचं. आमास्नी त्येंच्यासारखी जमत न्हाय, नुसता जाळ हुतोय, आन् सरकारनी बगितलं तर छप्पर पेटवताय व्हय म्हणतील. म्हणून न्हाय केली.”

ती धुरी मला जन्मापासून माहीत होती. पावसाळाभर अंधार पडायच्या आधी अब्बा एका घमेल्यात शेणी, म्हणजे गोवऱ्या, पेटवत, वर कडुनिंबाचा ओला पाला टाकत आणि जाळ दाबून नुसता धूर करत. वारा पश्चिमेचा, म्हणून घमेलं पागेच्या त्या टोकाला ठेवत. धूर दावणीवरून हळूहळू सरकायचा आणि शेपट्या एकेक करून थांबायच्या. शेवटची शेपटी थांबेतो अब्बा तिथं उभे राहत, मग घरी येत. लहानपणी मला त्यांच्याबरोबर उभं राहून शेपट्या मोजायला आवडायचं.

मला घोडीची दया आली. दुसरा काही विचार माझ्या डोक्यात नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. मी घमेलं काढलं, शेणी पेटवल्या, पाला टाकला, फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले आणि घमेलं नेहमीच्या जागी ठेवलं. त्या टोकाला. मोटारीच्या शेजारी.

सकाळी मोटार मेलेली.

मी हँडल सोडून तिथंच खाली, शेणामातीत, बसलो. थोरल्या मोतद्दाराला वाटलं मला चक्कर आली. तो पाणी घेऊन आला. मी उठलो, मॅग्नेटोचं झाकण काढलं, ती काळी चकती बाहेर काढली आणि तेलकट बोळ्याऐवजी खांद्यावरच्या पंच्यानं पुसली. बायकोनं आदल्या दिवशीच धुतलेला पांढरा पंचा. त्यावर काजळीचा पट्टा उमटला, डोळ्यांत घालावी तशी.

काळ्यावर काळं. इतके दिवस ती चकती मी हातात घेऊन बघत होतो आणि मला स्वच्छ दिसत होती, कारण स्वच्छ असतानाही ती काळीच. शेणीचा आणि पाल्याचा धूर नाकाच्या जाळीतून आत जायचा, चकतीवर बसायचा, पहाटेच्या ओलीनं ओलसर व्हायचा. काजळी म्हणजे कोळसाच की, आणि कोळशातून वीज वाहते. त्याच मॅग्नेटोत वीज पोचवायला कोळशाचीच कांडी बसवलेली असते, हे मी दुसऱ्यांना शिकवत होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्लगकडं जाणारी वीज या काजळीवरून वाट काढून पळून जात होती. पेट्रोलनं धुतलं की काजळी जायची आणि मोटार चालायची. संध्याकाळी पुन्हा धुरी. आणि वरून ती झूल, धूर आत कोंडून धरायला. माझ्या बापानं तिला माया लावली आणि त्या मायेनंच तिचा श्वास कोंडला.

चकती कोरडी करून लावली. मोटार सुरू झाली. मी तशीच बंद केली आणि घरी पळालो.

अब्बा ओट्यावर होते. मी धापा टाकत सगळं सांगितलं, पंचा दाखवला. त्यांनी तो हातात घेतला, काळ्या डागावरून अंगठा फिरवला, अंगठा नाकाशी नेला.

“निंबाचाच हाय,” ते म्हणाले. मग पंचाची घडी घालत, “म्हंजे मीच की रं.”

“तुमी कशापायी? तुमास्नी काय ठावं?”

“सरकारला सांगितलंस?”

“न्हाय. आदी तुमच्याकडं आलो.”

“मग सांगू नको.”

मला कळेना. ते सावकाश बोलत होते, घोड्याशी बोलावं तसं. “तू रोज धुरी कर. मी करत हुतो तशीच. जनावरास्नी ती लागतीच. मोटार बंद ऱ्हाईल. दसरा निघून जाईल. सरकारचा नाद मला ठावं हाय, एक दसरा गेला की दुसरं खेळणं बगतील. दावण ऱ्हाईल.”

“आन् तुमी? तुमास्नी लोक काय म्हंत्यात, ऐकलंय का? त्या पागेत पाय टाकता येणार न्हाय तुमास्नी पुन्ना कवा.”

“मी न्हाय टाकला तर काय झालं? घोडी तर आत ऱ्हातील.”

मला असा संताप आला की माझ्या आवाजानं ओटा हादरला असेल. मी म्हणालो, तुम्ही जे केलं नाही त्याचा ठपका तुमच्यावर आला, आणि आता तेच माझ्या हातून करून घेणार? मग तो कारभारी खरा ठरतो. अब्बांनी माझ्याकडं शांतपणे पाहिलं आणि विचारलं, “घोड्यास्नी धुरी करणं म्हंजे पाप हाय व्हय?”

मी पंचा उचलला आणि ओटा उतरलो. आज मी तेव्हाच्या त्यांच्याहून म्हातारा आहे आणि तो प्रश्न अजून डोक्यात फिरतो.

पण मी सांगितलं. त्याच दिवशी जाऊन सरकारांना सांगितलं. बापाला चोर म्हणवून घेणं मला सहन होत नव्हतं आणि आपल्या हातानं केलेलं इंजिन आपणच रोज मारायचं हेही होत नव्हतं. दोन्ही कारणं खरी आहेत. कुठलं मोठं होतं ते मला विचारू नका.

सरकारांनी प्रत्यक्ष पाहायचं म्हटलं. अब्बांनाही बोलावणं गेलं. मी सगळ्यांदेखत मोटार सुरू केली, बंद केली, घमेलं पेटवलं, चकती धुरावर धरली, तोंडाच्या वाफेनं दमट केली, लावली. मोटार मेली. पंच्यानं पुसून लावली. मोटार जिवंत. सरकार पोट धरून हसले. “उस्ताद, तुमच्या शेणीनं माझी मोटार मारली की ओ!” मग हसू थांबवून त्यांनी खांद्यावरचा शेला काढला आणि अब्बांच्या खांद्यावर घातला. त्या घराण्यात माफी शब्दानं मागायची रीत नव्हती, ती अशीच मागत. कारभाऱ्यानंही हात जोडले. मोतद्दारांचे डोळे भरून आले होते. मी मान ताठ करून उभा होतो. तेवढा एक क्षण मला वाटलं, जिंकलो.

“आता पागेत धुरी बंद,” सरकार म्हणाले.

अब्बांनी मुजरा केला. मग म्हणाले, “सरकार, मोटारीला माशी चावत न्हाय. ती भायेर काढली तर?”

“पावसात? आता दसरा किती राहिलाय?” सरकारांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि ते वाड्याकडं निघून गेले.

अब्बा पुन्हा पागेत जायला लागले. दसऱ्यापर्यंत रोज दिवस मावळताना ते चवरी घेऊन दावणीसमोर उभे राहत, घोड्याच्याच केसांची, पांढरी. या घोड्यावरून त्या घोड्यावर, पोटाखालून, पायांवरून, डोळ्यांवरून माश्या हाकत. एकाकडं गेले की दुसऱ्याची शेपटी सुरू. हात भरून आला की डाव्या हातानं. मी चवरी मागितली तर म्हणाले, “तू तुझी चकती पूस.” रागानं नाही म्हणाले. सहज म्हणाले. मोटारीवर घालायची ती झूल आता त्यांनी पंचकल्याणीच्या अंगावर घातली, उकडत असलं तरी, निदान पाठ तरी वाचेल म्हणून.

दसऱ्याच्या सकाळी झेंडूच्या माळा घातलेली मोटार पहिल्या हँडलला सुरू झाली. सरकार शिलंगणाला गेले, लोकांनी रस्त्यात थांबून पाहिलं, आणि माझं नाव झालं. त्या नावावर मी पुढं आयुष्यभर जेवलो.

दिवाळीआधी दावण मोडली. चार घोडी गडहिंग्लजकडच्या त्या पाहुण्यांनी नेली. पंचकल्याणीला गिऱ्हाईक मिळालं हातकणंगले स्टेशनावरच्या एका टांगेवाल्याचं. अब्बा तिला घेऊन स्वतः चालत गेले आणि संध्याकाळी उशिरा परत आले. सरकारांनी त्यांना मोटारीची राखण करायला ठेवून घेतो म्हटलं होतं. अब्बा म्हणाले, माझा मुलगा आहे की. शेला त्यांनी घडी घालून आईच्या पेटीत ठेवला आणि कधी पांघरला नाही. मला ते कधी बोलले नाहीत. एक शब्द नाही. बोलले असते तर मी भांडलो असतो आणि मोकळा झालो असतो.

आमच्याकडं गुरुवारी संध्याकाळी घरात ऊद जाळायची रीत. बायको निखाऱ्यावर ऊद टाकी आणि धूपदाणी घेऊन खोल्याखोल्यांतून फिरे. त्या वर्षापासून धूर दारापर्यंत आला की अब्बा उठत, बाहेर ओट्यावर जाऊन बसत आणि धूर विरला की आत येत. असं बरेच गुरुवार झालं. एकदा तिनं विचारलं, “अब्बा, धूर सोसत न्हाय व्हय? ऱ्हाऊ दे मग, न्हाय करत.”

“सोसतो की,” ते म्हणाले. “तू कर. धूर झाला की मला सवय हाय उभं ऱ्हायची, शेपट्या थांबस्तवर. हितं उभं ऱ्हायलो तर कवर उभं ऱ्हाऊ?”